विरोधाचा हात

चामोर्शीकडच्या त्या वृद्ध सभासदाचा हात मी मनगट धरून खाली ओढला, असे आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या आठवणींत छापले आहे. हे गृहस्थ त्या दिवशी सहा रांगा मागे बसले होते. मी त्या वृद्धाच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाच्या नियामक सभेपुढे मी ठराव मांडला होता: अणुबॉम्बच्या चाचण्या थांबाव्यात आणि युद्धाला या सभेचा विरोध नोंदवला जावा. चांदा जिल्ह्यातून आम्ही दोघेच होतो. मी पदवीधरांचा प्रतिनिधी. ते जनपद सभेने, म्हणजे तालुक्याच्या स्थानिक मंडळाने, पाठवलेले, धानाची शेती करणारे. एका डॉक्टर सभासदाने विचारले, चांद्याच्या जंगलात अस्वलांवर बॉम्ब पडणार आहे काय? सभा हसली. म्हातारे हसले नाहीत. मते जवळजवळ निम्मी निम्मी विभागली आहेत, हे मी सकाळीच ताडले होते.

अध्यक्षांना घाई होती. ठराव न वाचताच त्यांनी पुकारले, "विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत." पहिला हात वर गेला तो माझ्या शेजाऱ्याचा.

मी हळूच म्हटले, "भाऊ, हात खाली घ्या." त्यांनी घेतला नाही. तेव्हा मी त्यांचे उपरणे ओढले. डॉक्टर ताडकन उठले. मत फिरवण्यासाठी जबरदस्ती चालली आहे, अशी त्यांनी तक्रार केली. मी खुलासा करायला उठलो, तर अध्यक्षांनी मला बसवले आणि म्हाताऱ्यांनाच विचारले, तुमचा विरोध नेमका कशाला? माझा ठराव आणि माझी अब्रू, दोन्ही आता त्यांच्या उत्तरावर होती.

ते उभे राहिले. हात अजून वरच होता.

"लढाईले. माहा लेक ब्रह्मदेशात गेला, तो वापस नाई आला. मी काऊन हात खाली करू?"

डॉक्टर बसले. अध्यक्षांनी ठराव पूर्ण वाचला, मतदान नव्याने घेतले, आणि ठराव एका मताने मंजूर झाला. सहकारी लिहितात, 'एकमताने'. ज्यांना एवढा फरक कळत नाही, त्यांनी माझ्या हाताची साक्ष देऊ नये.

परतताना वैनगंगेच्या नावेत म्हाताऱ्यांनी मला सुनावले, "उपरणं फाडलं तुम्ही माहं." काठाशी ते बोटभर फाटले होते, हे मी तेव्हाही नाकारले नाही. मनगटाला मात्र मी हात लावला नव्हता.