साकीनाक्याच्या गाळ्यातले धवले

ऑर्केस्ट्रात मला ढोलकीला घेतलं होतं ते पोस्टरवर बाईचा फोटो हवा म्हणून. हे मला कळलं घाटकोपरच्या एका कार्यक्रमात. दोन गाणी जीव तोडून वाजवली, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात कोळीगीतं म्हणायला आलेली माहुलची गायिका पाणी घ्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ वाकली.

"तुझा माइक बंद हाय गो. पडद्यामागं एक बाप्या वाजवतोय."

उठून जायचं मला सुचलं नाही. शेवटपर्यंत वाजवत राहिले, कुणालाच ऐकू न जाणारं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आपण आपलं कायतरी करू. ह्यांच्याकडं मागत नको बसायला." सकाळी बाजारात मासे विकायची आणि संध्याकाळी गायची. बोलली की ते करायचीच.

माझ्या मामांचा साकीनाक्याला गाळा होता. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पितळी नळांना पॉलिश करायचं काम धरलं होतं. रविवारी गाळा बंद असायचा. "वाजवा, पण मशिनला हात लावू नका," एवढंच ते म्हणाले. आम्ही पोती एका कडेला लावून सतरंजी घालायचो. मुलुंडची एक व्हायोलिन वाजवणारी आली, बोरिवलीची एक पेटीवाली आली. दोघींनाही लग्नानंतर कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. ऐकायला शेजारच्या गाळ्यांतले कामगार, त्यांच्या बायका, हळूहळू लांबलांबचेही लोक यायला लागले. पॉलिशची काळी भुकटी नाकात जायची. तरी रविवारची वाट बघायचे मी.

माहुलची तिथं कोळीगीतं म्हणायची नाही. ती म्हणायची धवले. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून विधींच्या वेळी जुन्या बायका म्हणायच्या ती गाणी. आईच्या मावशीकडून, ती हयात असताना, तिनं ती ऐकून ऐकून उचलली होती. त्यांची चाल सरळ चालत नाही, मध्येच थबकते. माझा हात सुरुवातीला चुकायचा. ती गाता गाता मान हलवून मला थांबवायची आणि पुन्हा घ्यायची.

मग तिचा आवाज बसायला लागला. सर्दी असेल असं वाटलं. बाजारात ओरडणं, संध्याकाळचं गाणं, त्यात माहुलमधली रिफायनऱ्यांच्या धुराची हवा, तिथं निम्म्या वस्तीला खोकला. शेवटी डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज परत आला नाही. बोलली की नुसती हवा यायची.

ती यायची बंद झाली. आम्ही रविवार चालू ठेवला, पण माणसं कमी होत गेली. त्यांना काय ऐकायचं होतं ते आम्हाला ठाऊक होतं.

मी बाजारात गेले. ती बोंबील साफ करत होती. गिऱ्हाइकाशी तिची जाऊ बोलत होती.

"माझ्या जागी कोण बसते?" तिनं विचारलं. मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

"कोणी नाही."

"बसव ना."

"धवले कुणाला येतात?"

तिनं हातातला बोंबील पाटीत टाकला. मग म्हणाली, "भाचीला घेऊन येते."

पुढच्या रविवारी दोघी आल्या. भाची कॉलेजात शिकणारी, आवाज मोकळा. माहुलची तिच्या कानात एकेक ओळ सांगायची आणि ती गायची. शब्द सगळे बरोबर येत होते. चाल मात्र कुजबुजीतून कशी देणार? माहुलची हातानं वर-खाली दाखवायची, माझ्या ढोलकीवर बोट टेकवून थांबायची जागा दाखवायची. पोरगी पुन्हा गायची, आणि ते गाणं चांगलंच व्हायचं, पण दुसरंच काहीतरी व्हायचं. मी तोंडानं सांगायला गेले, तर मलाही ते वळण नीट आठवेना. इतकी वर्षं मी तिच्या मागून वाजवत आले होते.

ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाची खूश झाली.

"असंच ना मावशी?" तिनं विचारलं.

माहुलचीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असंच गो," ती म्हणाली. मी शेजारी होते म्हणून मला तरी ऐकू आलं.

भाची आता दर रविवारी गाते. मावशी पुन्हा आली नाही.