'संगीत' उघडलं, तर आत काहीच नाही

मंडळी, सिल्लोडहून नणंद शोभा आलीय. "वहिनी, मला इंग्रजी येत नाय, मराठी करा की," म्हणाली, म्हणून कॉम्प्युटरवर लिनक्सची भाषा बदलली. पुन्हा लॉगिन केल्यावर त्यानं विचारलं, फोल्डरांची नावंही बदलू का? मी 'हो' केलं.

'संगीत' उघडलं, तर रिकामं! आमचे हे गेल्यावर त्यांचं एकच रेकॉर्डिंग उरलंय, तेही यातच होतं. दुष्काळातली, जिन्यावरून मारलेली हाक: "अगं, टँकर आला, हंडे आण!"

"दादाचा आवाज गेला व्हय?" शोभा म्हणाली. मी 'संगीत' बंद करून पुन्हा उघडलं.

मग तिनंच स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे एवढंच मला वाचता येईना."

इंग्रजी अक्षरांतलं 'Music'! कॉम्प्युटरनं नाव न बदलता नवं रिकामं फोल्डर केलं होतं; जुनं तसंच होतं, आवाजासकट. दोघी रडलो.

दुसरी प्रत काढायला हवी, पण माऊसला हात लावायची हिंमत होत नाही. कुणी येऊन शेजारी बसाल का?