यंत्राला फक्त माझं अक्षर कळायचं

आमचे हे यंत्राला अक्षरं ओळखायला शिकवत होते, तेव्हा मी नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांना तेच शिकवत होते. माझ्या कामाला लोक नोकरी म्हणत आणि ह्यांच्या कामाला संशोधन.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. ह्यांच्या कॉलेजात कपाटाएवढा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली होती. मे महिन्यात सगळं नागपूर भाजून निघायचं, तेव्हा हे त्या खोलीत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसायचे. संशोधनाची ओढ उन्हाळ्यात वाढते, हे मला तेव्हा कळलं.

यंत्राला डोळे नव्हते. आलेखाच्या कागदावर अक्षर काढायचं, शाईचे चौकोन आणि कोरे चौकोन वेगळे करायचे, तशी कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं यंत्राला भरवायची. एकच अक्षर पुष्कळदा दाखवलं की ते आपणहून शिकतं म्हणे. आता पुष्कळदा लिहिणार कोण?

"तू लिही ना वं," हे म्हणाले. "तुझं अक्षर किती सुरेख आहे."

लग्नानंतर ह्यांनी केलेली ती पहिली स्तुती, म्हणून मी फसले. रोज शाळेतून आले की चहा व्हायच्या आत क, ख, ग घेऊन बसायची. सासूबाई पारशिवनीच्या. त्यांना हे बघवेना. एकदा लेकाला म्हणाल्याच, "काहून गा, मास्तरीणबाईलेच कित्ता गिरवाले लावून राहिला?"

यथावकाश ह्या कामावरचा शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव विभागप्रमुखांचं. त्यांनी प्रोत्साहन दिलं होतं, म्हणजे थंड खोलीची किल्ली. दुसरं नाव कॅनडातल्या एका प्राध्यापकांचं. दिल्लीच्या परिषदेत जेवणाच्या रांगेत ते ह्यांच्या पुढे उभे होते, एवढंच ते आंतरराष्ट्रीय सहकार्य. तिसरं नाव ह्यांचं. शेवटी आभार होते, टायपिस्टचे आणि 'पत्नीच्या सहनशीलतेचे'. अक्षर कोणाचं, याचा कुठे उल्लेख नव्हता.

मग दिल्लीहून एक समिती यंत्र बघायला आली. त्या दिवशी मी वर्गात बाराखडी घेत होते, तर हे स्कूटरवरून घामाघूम होऊन दारात हजर.

"चल लवकर. यंत्र आमच्या विभागप्रमुख साहेबांचं अक्षर ओळखून नाही राहिलं."

"साहेबांचं अक्षर त्यांच्या टायपिस्टला तरी कुठे ओळखू येतं?"

"अगं, त्यांनी भ काढला, यंत्राने म सांगितला. घ काढला तर ध. समिती एकमेकांकडे बघायला लागलीय. आता चेष्टा नको."

शेजारच्या बाईंवर वर्ग सोपवून मी स्कूटरवर बसले. थंड खोलीत चार सूट आणि विभागप्रमुखांचा पडलेला चेहरा. मला बघताच तो चेहरा उजळला. समितीकडे वळून ते म्हणाले, "आता आपण एका त्रयस्थ व्यक्तीकडून लिहून घेऊ."

त्रयस्थ! मी पदर तोंडाशी धरला आणि भ काढला. कार्डांना भोकं पडली, यंत्र घरघरलं, कागदावर भ आला. घ काढला, घ आला. समितीने टाळ्या वाजवल्या. "यंत्राला चांगल्या हस्ताक्षराची पारख आहे," विभागप्रमुख म्हणाले आणि समितीने मान डोलावली.

दोनेक वर्षांनी बातमी आली की परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने आमच्या निबंधाची दखल घेतली. विभागप्रमुखांनी संत्रा बर्फी वाटली, भाषण केलं, नागपूर आता जगाच्या नकाशावर आलं म्हणाले. हे घरी बर्फी घेऊन आले, नियतकालिकही आणलं. मी ते ओढून घेतलं आणि वाचलं.

"अहो, तुम्ही हे वाचलंत?"

"आपलं नाव आलंय ना!"

"नाव आलंय. पण काय म्हणून आलंय? त्यांनी लिहिलंय की नागपूरच्या प्रयोगात यंत्राने बहुधा एकाच माणसाचं हस्ताक्षर पाठ केलं असावं, अशा निष्कर्षांवर विसंबू नये."

ह्यांच्या हातातली बर्फी हातातच राहिली. मला हसू आलं आणि रागही आला. सातासमुद्रापार कोणा अनोळखी माणसाने माझं अक्षर ओळखलं होतं आणि घरातल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी तो मजकूर कोणाकडून तरी समजून घेतला. "मी तर केवळ प्रोत्साहन दिलं होतं," असं ते भेटेल त्याला सांगू लागले. कॅनडाच्या प्राध्यापकांना तो निबंधच आठवेना.

ह्यांनी मात्र वेगवेगळ्या माणसांची अक्षरं जमवायचं ठरवलं. मग एका रविवारी आलेखाचे कागद घेऊन कळमन्याच्या बाजारात जायला निघाले. मीही गेले, कारण ह्यांना परक्या माणसाशी बोलता येत नसे. अडत्यांनी लिहून दिलं, हमालांपैकी ज्यांना येत होतं त्यांनी दिलं, शेजारणींनी दिलं, माझ्या वर्गातल्या पोरांनी दिलं. हे सगळं भरवल्यावर यंत्र साफ गोंधळलं. निम्म्याहून जास्त अक्षरं चुकली. ह्यांनी ते नव्या निबंधात जसंच्या तसं लिहून काढलं आणि विभागप्रमुखांकडे नेलं. ते म्हणाले, "माझं नाव नको. तरुणांना संधी मिळायला हवी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हे चाचरत म्हणाले, "या निबंधावर तुझं नाव टाकू का?"

"आता कोणी उरलं नाही म्हणून?"

"हो," हे म्हणाले. हा माणूस खोटं बोलू शकत नाही, हीच त्याची संशोधनातली अडचण.

"टाका. पण वर्णक्रमाने टाका."

आडनाव एकच, म्हणून नावाचं पहिलं अक्षर बघावं लागलं, आणि त्यात मी ह्यांच्या आधी येते. निबंध एका परिषदेच्या पातळशा संग्रहात छापून आला. त्याची दखल कोणी घेतली नाही. मात्र पुढे कितीतरी दिवस हे भेटेल त्याला, कोणी विचारलं नसतानाही, नावं वर्णक्रमाने आहेत म्हणून सांगत फिरायचे.