रेशन बंद करायचा ठराव

कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे शेतात सीतादही करतात. कापूस दह्यासारखा पांढरा निघावा म्हणून झाडापाशी दहीभात ठेवायचा आणि उरलेला वेचणाऱ्या बायांना वाटायचा. बाकीच्या बायांना भाऊसाहेबांनी, म्हणजे शेतमालकांनी, पानावर वाढला. माझ्यापाशी आले आणि हात आखडला.

"तुले काय कमी? तुमी तं आमच्या टॅक्सवर फुकटचं रेशन खाता."

बाया हसल्या. मी ओंजळ धरून उभी.

"बोल ना, कोणाचं खाते तू?"

"तुमचं," मी म्हणाले.

मग त्यांनी हातभर उंचावरून भात सोडला. अर्धा ओंजळीत, अर्धा मातीत.

"ते बी उचल. फुकटचं हाय म्हणून सांडायचं नसते."

मी वाकले. उचलला. त्या बायांत बौद्ध मी एकटीच. उंचावरून का सोडला, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिवसभर वेचत राहिले आणि स्वतःच्याच तोंडून निघालेला तो एक शब्द चावत राहिले.

नवरा गेल्यापासून घरात मी आणि सासू. ती अंथरुणाला खिळलेली. पोट रेशनच्या तांदळावर, तिच्या गोळ्या निराधार योजनेच्या पगारावर, बाकी सगळं माझ्या मजुरीवर. यातलं एक जरी बंद पडलं तरी आमची चूल विझते.

थोड्याच दिवसांत ग्रामसभा भरली. भाऊसाहेब उठले. म्हणाले, फुकटच्या धान्यानं मजूर माजले, वेचायला माणूस मिळत नाही. वेचणी होईपर्यंत गावातलं रेशन बंद ठेवा, असा ठराव तहसीलला पाठवू.

"कोणाकोणाले मंजूर हाय? हात वर करा."

शेतवाल्यांचे हात वर गेले. ते जाणारच होते. मग भाऊसाहेब आम्हा बायांकडे बघू लागले. एकेकीकडे, सावकाश. माझ्या पुढची बाई तेच रेशन खाते. तिनं हात वर केला. तिच्या शेजारणीनं केला. उद्या कामावर घेतलं नाही तर? सगळ्यांच्या डोक्यात तेच. आपल्याच चुलीत पाणी ओतायला आपलेच हात! मलाही भीती होतीच, पण संताप जास्त होता. मी उभी राहिले.

"मले मंजूर नाही."

"तुले कोणी इचारलं? टॅक्स आमी भरतो."

"मी बी भरते. साबणावर भरते, सासूच्या गोळ्यांवर भरते. तुमी शेगावच्या लॉजची कमाई शेतीत दाखवता, काऊन की शेतीले टॅक्स नाही. साऱ्या गावाले ठाऊक हाय. बंद करायचं तं पहिले ते बंद करा."

सरपंच म्हणाले, "बाई, खाली बसा."

मी बसले नाही. बायांकडे वळले. "रेशन बंद झाल्यावर घरी काय शिजवान वो? सांगा ना!"

माझ्या पुढच्या बाईचा हात खाली आला. मग अजून एक. सगळे नाही आले. सरपंचांनी घाईघाईनं ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी मला शेताच्या बांधावरूनच परत पाठवलं. भाऊसाहेबांच्या भाऊबंदांनीही काम नाकारलं. आता ऑटोनं देऊळघाटकडे कामाला जाते, निम्मी मजुरी भाड्यात जाते. सासू म्हणते, "काऊन बोलली वो तू? आपलं हातावरचं पोट." तिची भीती खरी आहे. पण भाऊसाहेबांचा निरोप आला, माफी माग, कामावर घेतो, तेव्हा निरोप आणणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

घाम निघेपर्यंत राबवायचं, मजुरी पाडून द्यायची, आणि सरकारनं दिलेल्या घासावरही नाव तुमचंच? आता नाही. संध्याकाळी परतले की मी हात वर केलेल्या त्या बायांच्या घरी जाते. एकीनं तोंडावर दार लावलं. उद्या पुन्हा तिच्याच दारात जाणार आहे. पुढच्या सभेत तो ठराव पाडायचा. आणि तो पडला की लॉजच्या टॅक्सचा ठराव मी मांडणार.