मोठा रेडिओ की शाळेवरचे पत्रे

आमच्या वस्तीच्या मंडळात कोणी साधी छत्री घेतली तरी आठवडाभर तिच्यावर चर्चा चालते. रेडिओ तर अख्ख्या वस्तीनं मिळून घेतला. मग किश्श्यांना काय तोटा! एक सांगायला घ्यावा तर दुसरा आपसूक पुढं सरकतो.

*

मी मुंबईहून बी. ए. होऊन घाटंजीजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती. कापूस वेचणीच्या मजुरीतून रेडिओसाठी वर्गणी जमली होती. घाटंजीच्या रहमान मिस्त्रीकडं दोन सेट होते. एक छोटा. दुसरा सागवानी पेटीतला, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा आणि तिप्पट महाग. छोटा घेतला, तर उरलेल्या पैशात रात्रशाळेवर पत्रे पडणार होते.

मुंबईत एका प्रोफेसरांच्या घरी मी तसा मोठा सेट ऐकला होता. मी सभेत उठून म्हणालो, "आजवर उरलंसुरलंच आपल्या वाट्याला आलं. आवाज तरी पहिल्या दर्जाचा घेऊ!"

वर्गणी माझ्या गिरजाआत्याजवळ होती. ती म्हणाली, "मोठा डबा बातम्या जास्त सांगते काय?"

"नाही आत्या, पण खरा आवाज देतो."

"आवाज तं तुहा बी मोठा हाय. तुलेच बसवू स्टुलावर. बॅटरी बी लागत नाही!"

सगळे खदखदले, तरी हात मोठ्यासाठीच जास्त वर झाले. आत्यानं अट घातली, होळीपर्यंत पटलं नाही तर वापस. मिस्त्री म्हणाला, "ले जाओ, आपा. वापस आया तो मेरा कान पकडना!"

*

माझा मित्र संपत बैलगाडीत पेटी मांडीवर घेऊन बसला. खड्डा आला की तिला छातीशी धरी. गाडी वस्तीत शिरली, तेव्हा त्याची बायको बायकांना म्हणाली, "लग्नात मले गाडीमागं पायी चालवलं यायनं!"

*

बॅटरी भरायला बाजाराच्या दिवशी घाटंजीला न्यावी लागे. संपतच डोक्यावर नेई. तेजाबानं त्याच्या सदऱ्याला भोकं पडली. माझ्याकडं बोट दाखवून तो सांगे, "यायनं पहिल्या दर्जाचा आवाज देतो म्हटलं होतं. हवा बी देली!"

बाजार जवळ आला की बॅटरी उतरे आणि रेडिओ मुका होई. तरी सवयीनं लोक समोर येऊन बसत. आत्या म्हणे, "छोटा असता तं रोज बोलला असता."

शेजारीच पोरं गवताच्या छपराखाली पाढे म्हणत. मी समतेवर तासभर बोलू शकत होतो; आत्याच्या या एका वाक्यावर मात्र मी मुकी पेटी पुसायला घेई.

*

होळी आली. या वेळी सभेत जास्त हात पत्र्यांसाठी वर झाले. रेडिओ परत न्यायला संपतनं बैल जुंपले. बॅटरीत थोडा जीव होता. आत्या म्हणाली, "शेवटचं आयकून घ्या."

सनई लागली. सगळ्यांनी हरबादादांकडं पाहिलं. दादा पूर्वी गावातल्या लग्नांत सनई वाजवत. मांडवाबाहेर, उन्हात उभं राहून. ताटही तिथंच मिळे. दीक्षेनंतर त्यांनी सनई उतरंडीमागं टाकली ती टाकलीच. रेडिओवर सनई लागली की ते उठून जात.

त्या दिवशी ते उठले, पण पेटीजवळ गेले. आवाज येतो त्या पुढच्या कापडाला कान लावून बसले.

मी विचारलं, "दादा, बंद करू?"

"थांब. तो दम घेऊन राह्यला. घेऊ दे."

सनई पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळानं दादा म्हणाले, "खोलीत हाय हा. सूर भिंतीले लागून वापस येते."

दादांनी कान काढला नव्हता.

"आत बसवलं त्यायनं सनईवाल्याले."

आत्या दारात उभी होती. ती बाहेर वळून म्हणाली, "संपत, बैल सोड रे."