बेणं निवडताना

ताजं रताळं विळ्यानं कापलं की कापीच्या कडेला पांढरा चीक येतो. काल रानात तो नुसता बघत बसलो. कापी तोंडात घालायचा धीर होईना.

आमच्यात रताळ्याचं बेणं असंच निवडतात. काढणीला प्रत्येक वेलाचं एक रताळं कच्चं चावायचं. गोड लागलं तर तो वेल पुढच्या लावणीला ठेवायचा, बाकीचे म्हशीला. एका वेलाची लेकरं सगळी सारखीच, असं शिकलेले सांगतात. मी मानत नाही. एखादा वेल गुपचूप बदलतो आणि ते जिभेलाच कळतं. बायको होती तोवर ती चावायची, तिच्यामागं मी.

अलीकडं माझ्या जिभेला चवच राहिली नाही. घरात कुणाला बोललो नाही. काल सुनेपुढं कापी धरली. "गोड आहे का गं?"

"मामंजी, मला कच्ची सगळी सारखीच लागतात," ती हसली. "म्हशीला विचारा!"

मीही हसलो. माणसाबरोबर त्याची पारख जाते. वेलाला त्याचं काय? कुणीही लावला तरी तो फुटतो.

निवडल्याशिवाय मी जन्मात लावणी केली नव्हती. काल हाताला आले ते वेल बांधले आणि सुनेला म्हणालो, "निवडलेत. घरी ने."