सुमीचा क्लच

लालबागमध्ये भाजक्या मिरचीचा ठसका लागला, की मसाल्याच्या गिरणीसमोरची ती संध्याकाळ आठवते. धाकटी बहीण सुमी माझी मोटरसायकल चालवायला शिकत होती आणि चढावावर ती हमखास बंद पाडायची. ‘‘तुझे हात लहान आहेत, सोड नाद,’’ मी हिणवायचो.

त्या संध्याकाळी तिने पाना मागितला. ‘‘हात ठीक आहेत रे दादा, क्लच तुझ्या मापाचा आहे.’’ तिने क्लचचा लिव्हर सैल करून हँडलवर आत सरकवला, म्हणजे टोकाशी धरून कमी जोरात दाबता येईल, आणि बोटांच्या रेषेत खाली झुकवला. मला हे कधी सुचलंच नव्हतं, याची अजून लाज वाटते.

मग करी रोडच्या पुलावर, भर चढावात, ती बसमागे थांबली आणि बस हलताच झोकात सुटली. मागे बसलेला मी येणाऱ्याजाणाऱ्यांना ओरडून सांगत होतो, ‘‘माझी बहीण आहे ही!’’